पुन्हा चित्रकलेच्या तासाला

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्र आणि पुढची पिढी’ असा भारदस्त विषय सुचवला होता. त्यावर माझ्याहून अधिकाराने बोलू शकतील अशी चार माणसं आपल्या तुकडीत आहेत, आणि त्यांतली दोन आज अमेरिकेहून आलेली समोर बसली आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. गेल्या पावसाळ्यात मी एक ऑनलाइन छंदवर्ग केला. डिजिटल ग्राफिक डिझाइनचा. आठ शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही आणि नोकरीत त्याचा उपयोग शून्य. त्या आठ शनिवारांबद्दल मी आज बोलणार आहे.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते हे तुम्हाला माहीत आहे. नक्की काय करते हे मात्र माझ्या घरच्यांनाही सांगता येत नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात तेव्हा पडद्यामागे जे प्रोग्राम चालतात, त्यांतला एक छोटासा भाग आमच्याकडे असतो. तो नीट चालला तर कुणाला कळतही नाही. वीस-बावीस वर्षं असं न दिसणारं काम केल्यावर, आपण केलेलं काहीतरी भिंतीवर लावता यावं, हातात धरता यावं, अशी एक साधी इच्छा मनात होती. मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली आणि शनिवारची संध्याकाळ मोकळी झाली.

वर्गात आम्ही बावीस जण होतो. नागपूरचे एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांना नातवाच्या मुंजीची पत्रिका स्वतः करायची होती. नंदुरबारकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एक शिक्षिका, त्यांना बाराखडीची कार्डं हवी होती. जर्मनीत राहणाऱ्या एक बाई, आमचे सहा वाजायचे तेव्हा त्यांच्याकडे दुपारचे अडीच. शिकवणारी मुलगी अठ्ठावीस वर्षांची. पहिल्या दिवशी त्या निवृत्त काकांनी तिला “ताई” अशी हाक मारली आणि मग ती आम्हा सगळ्यांची ताई झाली. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान ताई!

ताईंनी आम्हाला ‘इंकस्केप’ नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितलं. ते मोफत आहे आणि मुक्तही आहे. म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम कुणीही उघडून पाहू शकतो, बदलू शकतो. २००३ पासून जगभरची माणसं मिळून ते वाढवत आली आहेत. माझ्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवरही ते बरं चाललं.

पहिला धडा होता संगणकात चित्र दोन तऱ्हांनी कसं राहतं याचा. एक तऱ्हा भरतकामातल्या क्रॉस स्टिचसारखी. बारीक चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक रंग. मोबाईलचा फोटो असाच असतो. दुसऱ्या तऱ्हेत चित्र नसतंच, चित्र कसं काढायचं याची सूचना असते: इथून सुरू कर, असा वळ, इथे थांब. गणपती मंडळाचं बोधचिन्ह व्हॉट्सअॅपवरून घेऊन दहा फुटी फ्लेक्सवर छापलं की कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात, कारण ते पहिल्या तऱ्हेचं असतं. चौकटी ताणल्या की त्या मोठ्या होतात, वाढत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेचं बोधचिन्ह व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर अजिंक्यताऱ्यावर लावा, कड तेवढीच स्वच्छ राहते, कारण प्रत्येक वेळी ते नव्याने काढलं जातं.

ही वळणं ज्या साधनाने काढतात त्याला पेन म्हणतात, पण ते पेनसारखं अजिबात चालत नाही. एक बिंदू ठेवायचा, दुसरा बिंदू ठेवायचा, आणि प्रत्येक बिंदूला एक दांडी फुटते. ती दांडी ओढली की मधली रेघ वाकते. पतंगाची कणी बांधताना दोरा थोडा इकडे-तिकडे केला की पतंगाचा तोल बदलतो ना, तसं काहीसं. या वक्राला ‘बेझिए वक्र’ म्हणतात. इंजिनिअरिंगला आम्ही त्याचं सूत्र शिकलो होतो. दोन टोकांचे दोन बिंदू, दोन दांड्यांचे दोन, अशा चार बिंदूंवरून वक्र ठरतो, हे मला तेव्हापासून माहीत होतं. पण परीक्षेत सूत्र लिहिणं वेगळं आणि तीच दांडी आपल्या बोटाने ओढून रेघ वळताना पाहणं वेगळं.

त्यामागची गोष्ट ताईंनी सांगितली, ती तुम्हालाही सांगते, कारण आपल्या तुकडीत गाड्यांचे शौकीन बरेच आहेत. हे वक्र चित्रकारांनी शोधलेले नाहीत. ते मोटारींच्या कारखान्यांतून आले. फ्रान्समध्ये गाडीच्या पत्र्याचं वळण यंत्राला नेमकं कसं सांगायचं हा प्रश्न होता. सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने १९५९ मध्ये त्याचं उत्तर शोधलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. पुढे रेनॉ कंपनीतल्या पिएर बेझिए या इंजिनिअरने १९६० च्या दशकात तेच वक्र वापरले आणि त्यावर लिहून प्रसिद्ध केलं. म्हणून नाव बेझिएंचं लागलं. आज आपल्या फोनवर दिसणारं जवळजवळ प्रत्येक अक्षर याच जातीच्या वक्रांनी बांधलेलं असतं.

दुसऱ्या शनिवारचा गृहपाठ असा होता: आपल्या गावातल्या एखाद्या पाटीवरचं हाताने रंगवलेलं एक अक्षर निवडा, त्याचा फोटो काढा आणि त्याची बाह्यरेषा गिरवा. मी त्या आठवड्यात आईकडे साताऱ्याला आले होते. एसटीच्या गाडीला लावतात ती लोखंडी पाटी आठवते ना? तशी एक जुनी पाटी माझ्या माहेरी माळ्यावर आहे, कुणी आणि कशी आणली हे विचारू नका. तिच्यावरच्या ‘सातारा’तला ‘स’ मी निवडला.

ताईंचा नियम सोपा होता. वळण जिथे सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे आणि सर्वांत उजवीकडे पोचतं तिथेच बिंदू ठेवायचा. मधे ठेवायचा नाही. मधलं काम दांड्यांनी करायचं. पहिल्या खेपेला वर्गातल्या बहुतेकांच्या अक्षरांवर पन्नास-साठ बिंदू होते. महिन्याभरात तेच अक्षर वीस-बावीस बिंदूंत बसायला लागलं, आणि जेवढे बिंदू कमी तेवढं वळण गुळगुळीत. निवृत्त काका म्हणाले, “म्हणजे हे मुलांना वाढवण्यासारखं आहे. कमी ठिकाणी धरायचं.” त्यावर ताई हसल्या आणि म्हणाल्या, “पण योग्य ठिकाणी.”

तो ‘स’ गिरवताना मी जवळजवळ दोन तास एकाच अक्षराकडे पाहत होते. आपण वाचतो तेव्हा अक्षर दिसत नाही, शब्द दिसतो. गिरवताना त्या पेंटरचा हात दिसायला लागतो. ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, काना खाली येताना कुठे किंचित रुंद झाला. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे एका दिशेने रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेने बारीक. ती बोरूची सवय ब्रशमध्ये आली, ब्रशची छापखान्याच्या खिळ्यांत आली आणि तिथून संगणकाच्या फॉन्टमध्ये.

यापुढचा धडा माझ्यासारख्या मोजमापावर पोट असणाऱ्या बाईसाठी अवघड होता. गोल आकार आणि चौकोनी आकार सारख्याच उंचीचे काढले तर गोल लहान दिसतो. म्हणून ‘ठ’चं पोट इतर अक्षरांच्या तळापेक्षा केसभर खाली उतरवतात. आडवी आणि उभी रेघ सारख्याच जाडीची काढली तर आडवी जाड वाटते. म्हणून शिरोरेषा कान्यापेक्षा थोडी बारीक ठेवतात. वर्तुळात त्रिकोण ठेवला, तो आपण व्हिडिओ सुरू करताना दाबतो तसा, आणि सॉफ्टवेअरला सांगितलं की बरोबर मधे आण, तर तो डावीकडे सरकल्यासारखा दिसतो. त्याला हाताने थोडा उजवीकडे न्यावा लागतो. आकडे म्हणतात बरोबर, डोळे म्हणतात नाही, आणि या धंद्यात डोळ्यांचं ऐकतात. माझ्या धंद्यात असं म्हटलं तर घरी पाठवतील.

इथे आपले चित्रकलेचे सर बसले आहेत म्हणून एक आठवण करून देते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत भूमिती आणि अक्षरलेखन मिळून एकच पेपर असायचा. आपल्याला तेव्हा वाटायचं की उरलेल्या दोन गोष्टी एकत्र बांधून टाकल्या आहेत. आधी कंपासने काटकोन काढायचे आणि मग चौकटी आखून त्यांत अक्षरं बसवायची. सर फळ्यावर ‘क’ काढताना म्हणायचे, “पोट आधी, शेपटी नंतर.” तीस वर्षांनी मला त्या पेपरचं कारण कळलं. अक्षर म्हणजे भूमितीच, फक्त शेवटचा निकाल डोळा देतो. दहावीला आपला चित्रकलेचा तास गणिताला दिला जायचा, आणि आम्ही खूश व्हायचो. सर, आम्ही तो तास आता शनिवारी संध्याकाळी भरून काढतोय.

चौथ्या आणि पाचव्या शनिवारी विषय होता मराठी मजकूर. इथे मात्र इंजिनिअर म्हणून मला बोलायला जागा मिळाली. तुम्ही ‘कि’ टाइप करता तेव्हा संगणक आधी ‘क’ साठवतो आणि नंतर वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल करणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. इंकस्केपमध्ये, फायरफॉक्समध्ये, अँड्रॉइड फोनमध्ये हे काम ‘हार्फबझ’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते किंवा भारतीय भाषांचा पर्याय चालू केलेला नसतो, तिथे ‘शिवजयंती’तल्या ‘शि’ची वेलांटी ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसते. असे फलक तुम्ही चौकाचौकांत पाहिले असतील. आपण म्हणतो, छापणाऱ्याला मराठी येत नाही. त्याला येतं, त्याच्या सॉफ्टवेअरला येत नाही.

मराठीच्या आणखी दोन-तीन खास गरजा आहेत. आपला ‘ल’ पाकळीचा आणि आपला ‘श’ देठाचा, हिंदीतल्या ‘ल’ आणि ‘श’पेक्षा वेगळा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही रूपं प्रमाण म्हणून दिली. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं साठवलेली असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमली की मराठी रूप पुढे येतं, नाहीतर हिंदी रूप दिसतं. नंदुरबारच्या बाईंना बाराखडीच्या कार्डांसाठी हे फार महत्त्वाचं होतं. त्या म्हणाल्या, “माझी मुलं घरी वेगळी भाषा बोलतात. त्यांना ‘ल’ पहिल्यांदा दिसणार तो माझ्या कार्डावर. तो पुस्तकातल्यासारखाच दिसायला हवा.” आणि दुसरी गरज म्हणजे ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही ठिकाणी अर्धा ‘र’च आहे, पण तो डोक्यावर जातो की आडवा बसतो यावर अर्थ बदलतो. फॉन्ट करणाऱ्याला हे माहीत नसेल तर आपल्या सह्याद्रीत समुद्र शिरतो.

हे सगळं आपल्याला आयतं मिळालेलं आहे, याची मला पूर्वी कल्पना नव्हती. विंडोजमध्ये आपण वर्षानुवर्षं वापरला तो ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखाटला. ते कवी होते, सुलेखनकार होते आणि पवईच्या आयआयटीत शिकवायचे. रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिराती आपण पाहायचो, त्यांतली कितीतरी नावं कमल शेडगे यांच्या हातची. नाटक विनोदी की गंभीर हे अक्षरावरूनच कळायचं. आज ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ यांसारखे मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात. आपल्या स्मरणिकेच्या संपादकांनी कोणता फॉन्ट घेतलाय ते मी विचारलेलं नाही, पण ‘ल’ पाकळीचा आहे ना, एवढं मी बघणार आहे.

छपाईचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण आपल्यातला एक मित्र फ्लेक्सच्याच व्यवसायात आहे आणि माझ्या चुका काढायला तो पहिल्या रांगेत बसलाय. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, लाल-हिरवा-निळा मिसळून. कागदावर शाई असते, निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. पडद्यावरचा झगझगीत पोपटी शाईत येत नाही, तो मवाळ होतो. हातात धरून वाचायच्या ए-फोर कागदावर चांगल्या छपाईसाठी साधारण २४८० गुणिले ३५०८ ठिपके लागतात. रस्त्यावरच्या फलकाला इंचामागे त्याहून खूप कमी चालतात, कारण तो लांबून पाहायचा असतो. ‘कोण, किती अंतरावरून, कशात पाहणार’ हा प्रश्न आधी विचारायचा, मग रंग निवडायचा.

हाच प्रश्न शेवटच्या दोन आठवड्यांत माझ्या घरी आला. शेवटचा प्रकल्प ज्याने-त्याने निवडायचा होता. ताईंची अट एवढीच की तो एका खऱ्या माणसासाठी हवा आणि त्या माणसाने तो वापरून पाहिलेला हवा. नेमकं त्याच सुमाराला माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि इथे एकटी राहते. ऑपरेशन चांगलं झालं. पण ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहीत आहे की खरी कसरत पुढे असते, थेंबांची. तीन प्रकारचे थेंब. त्यांतला एक पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असा उतरत जाणारा. दुसरा फक्त पहिले काही दिवस. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं. आणि हे सगळं एका छापील कागदावर, बारीक अक्षरांत, इंग्रजीत, वर पेनाने केलेल्या खुणांसह. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ज्या माणसाने वाचायचं, त्याच्यासाठी बारीक अक्षरं!

हा कागद मी प्रकल्प म्हणून घेतला. डॉक्टरांकडून वेळापत्रक नीट लिहून घेतलं आणि ते त्यांना दाखवून पक्कं केलं. मग काम सुरू झालं. पहिला प्रश्न कॉन्ट्रास्टचा. मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किती फरक असावा याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. साध्या मजकुरासाठी निदान साडेचारास एक, मोठ्या अक्षरांसाठी तीनास एक. सध्या फॅशन आहे ती पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांची. पंचविशीतल्या डोळ्यांना ती छान वाटते. आईला तिथे कोरा कागद दिसतो. मी काळ्या रंगावर आले.

दुसरा प्रश्न रंगाचा. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा-हिरवा यांतला फरक अंधूक होतो. ऑपरेशननंतर एका डोळ्यात नवं स्वच्छ भिंग आणि दुसऱ्यात जुनं, अशी आईची स्थिती होती. एकेक डोळा झाकून तिने कपाटातली एक साडी पाहिली आणि म्हणाली, “अगं, ही एवढी निळी आहे? मी हिला राखाडी समजून नेसत होते.” तेव्हा फक्त रंगावर भिस्त ठेवता येणार नव्हती. म्हणून प्रत्येक बाटलीला एक आकार दिला, गोल, चौकोन, त्रिकोण. तोच आकार मोठा करून बाटलीवर चिकटवला आणि तोच कागदावर छापला. रंग सोबत ठेवला, पण तो नसला तरी काम अडू नये.

तिसरी गोष्ट मला सुचलेली नाही, ती आईची आहे. कागदावर सकाळी आठ, दुपारी बारा अशा वेळा होत्या. आईने कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून लांबून पाहिला आणि म्हणाली, “आठ वाजता मी घड्याळ कुठे बघते? देवपूजा झाली की, असं लिही.” मग आम्ही दोघी बसलो. देवपूजेनंतर. स्वयंपाक उरकल्यावर. जेवणानंतर आडवं होण्याआधी. दुपारच्या चहाला. दिवेलागणीला. झोपताना. सहा वेळा बरोबर बसल्या. घड्याळाची वेळही ठेवली, पण लहान आणि खाली. दोन थेंबांमधली पाच मिनिटं म्हणून एक रिकामी चौकट ठेवली आणि त्यात लिहिलं, ‘डोळे मिटून बस.’ ती म्हणाली, “पाच मिनिटांत रामरक्षेचा अर्धा भाग होतो.” मग तेही लिहिलं.

प्रत्येक आठवड्याचा एक कागद. थेंब दिला की आई त्या चौकटीत पेन्सिलने टिकली काढायची. मी पुण्याहून रात्री फोन करायचे. पूर्वी मी विचारायचे, “थेंब घातलेस का?” आणि ती म्हणायची, “घातले गं.” त्यावर मला धीर यायचा नाही आणि तिला माझा राग यायचा. आता ती कागदाचा फोटो पाठवायची. सहा टिकल्या. आमच्यात थेंबांवरून वाद झाला नाही. रोजच्या बोलण्यातला तो एक काटा निघाला आणि त्या जागी शेजारच्या काकूंच्या भांडणांच्या बातम्या परत आल्या. माझ्यासाठी या वर्गाचं फळ काय म्हणाल तर ते हेच.

शेवटच्या शनिवारी सगळ्यांचे प्रकल्प पाहिले. काकांनी केलेली मुंजीची पत्रिका आली होती, नंदुरबारच्या बाईंची बाराखडीची कार्डं आली होती. कुणाचंही काम एखाद्या एजन्सीच्या तोडीचं नव्हतं. पण प्रत्येकाला हे माहीत होतं की ते कुणासाठी आहे.

चहाच्या वेळी मला एकाने विचारलं, आणि तुमच्याही मनात आलं असेल, की आता एआयला सांगितलं तर अशी शंभर चित्रं मिनिटात मिळतात, मग हे हाताने शिकायचं कशाला? मी त्याच क्षेत्रात आहे, तेव्हा मशीन काय करू शकतं याबद्दल मला संशय नाही. रांगोळीचे छापे बाजारात आले तरी दारात हाताने रांगोळी काढणाऱ्या बायका आहेत, असं उत्तर मी देणार नाही, कारण त्याने प्रश्न सुटत नाही. माझं उत्तर एवढंच आहे: मशीनला काय सांगायचं हे मला शिकल्यावर कळलं. दोन रंगांमध्ये किती फरक हवा, ‘ल’ कुठला हवा, कागद हातात धरायचा की भिंतीवरून वाचायचा, हे ज्याला माहीत नाही त्याला मशीनने दिलेल्या शंभरांतलं चांगलं कुठलं हेही कळणार नाही. आणि देवपूजेनंतरची चौकट आईला विचारल्याशिवाय मिळाली नसती.

आता एक मागणी. गेल्या महिन्यात मी शाळेत आले होते तेव्हा संगणक कक्ष पाहिला. मशिन जुन्या आहेत, पण इंकस्केप त्यांवर चालतं, मी तिथल्या सरांच्या परवानगीने एका मशिनवर चालवून पाहिलं. बाईंशी माझं बोलणं झालं आहे. दिवाळीनंतरचे चार रविवार, सकाळी दहा ते बारा, आठवी आणि नववीच्या ज्या मुलामुलींना यायचं असेल त्यांच्यासाठी आपण हा वर्ग घेऊ. पहिल्या रविवारी बिंदू आणि दांड्या. दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने गावातल्या पाटीवरचं एक अक्षर आणायचं. रंगवलेल्या पाट्या आता कमी होत चालल्या आहेत, तेव्हा मुलांच्या निमित्ताने त्या टिपून ठेवल्या जातील. तिसऱ्या रविवारी आपला फ्लेक्सवाला मित्र मुलांना त्याच्या छपाईच्या मशिनसमोर उभं करणार आहे, त्याने आत्ताच मान हलवली, सगळ्यांनी पाहिलं. आणि चौथ्या रविवारी प्रत्येकाने घरातल्या एका माणसासाठी एक उपयोगाचा कागद करायचा. आजोबांच्या गोळ्यांचा, आईच्या भिशीचा, शेतातल्या पाण्याच्या पाळ्यांचा, जो लागेल तो.

मला दोन मदतनीस हवे आहेत. डिझाइन येण्याची गरज नाही, मुलांमध्ये बसता यायला हवं. आणि चित्रकलेचे सर, दुसऱ्या रविवारी तुम्ही फळ्यावर ‘क’ काढून दाखवावात, पोट आधी, शेपटी नंतर, अशी माझी विनंती आहे. मुलं ते वळण संगणकावर गिरवतील. ज्यांना मदतनीस व्हायचं आहे त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्यावं, वही मी सोबत आणली आहे.